कपाटाची किल्ली मागण्याआधी

अगं, तुझं सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. आता जरा माझं ऐक. तुमच्या ग्रंथपाल बाई खडूस आहेत, कपाटांना सदानकदा कुलूप असतं, पुस्तक मागितलं की कपाळाला आठ्या पडतात, मधल्या सुट्टीत आमच्यात डबा खायलासुद्धा येत नाहीत, असं तुझं म्हणणं. शाळेत रुजू होऊन तुझी पहिली दिवाळीही अजून व्हायची आहे, पण बाईंबद्दलचं मत मात्र पक्कं झालंय. ते मत तुझं नाहीच मुळी. स्टाफरूममध्ये वर्षानुवर्षं तेच चालत आलंय, नव्या शिक्षिकेला हजेरीपटाबरोबर तेही हातात मिळतं. मी शाळेतच केस पांढरे केले, म्हणून मोठेपणाच्या अधिकाराने चार गोष्टी सांगते. पटल्या तर घे.

आधी त्या डब्याचं बघू. मधली सुट्टी ही तुमची सुट्टी, बाईंची नव्हे. घंटा झाली की पाचवी-सहावीची पोरं हातही न धुता लायब्ररीच्या दारात हजर. कुणाला काल नेलेलं पुस्तक बदलून हवं, कुणाचं कार्ड सापडत नाही, एक जण नुसताच पंख्याखाली बसायला आलेला, आणि दोघीजणी ‘किशोर’चा एकच अंक दोन्हीकडून ओढतायत. मुलांना मोकळा वेळ तेवढाच, म्हणून बाईंच्या गर्दीचा वेळही तोच. त्या डबा खातात पुढच्या तासाला, टेबलाशी, एकट्या. नेमकं तेव्हाच कुणीतरी दारातून डोकावतं आणि म्हणतं, “बरंय बाई तुमचं, निवांत!” माणूसघाणेपणाचा शिक्का बसतो तो असा. तू आठवड्यातून एखादा दिवस तुझा डबा घेऊन तिकडेच जा. किंवा त्याहून बरं, पंधरा मिनिटं त्यांचं टेबल तू सांभाळ आणि त्यांना स्टाफरूममध्ये पाठव. लोणच्याची फोड या डब्यातून त्या डब्यात गेल्याशिवाय शाळेत कुणी कुणाचं होत नाही, हे तुला एवढ्यात कळलं असेलच.

आता कुलपाचं. त्यासाठी तुला दाखल नोंदवही बघावी लागेल. मागून बघ, दाखवतील. लांबरुंद, जाड पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेली ती वही म्हणजे ग्रंथालयाचा सातबारा आहे. शाळेत आलेल्या प्रत्येक पुस्तकाची तिच्यात एक ओळ असते. दाखल क्रमांक, तारीख, लेखक, नाव, प्रकाशक, किंमत, कुणाकडून घेतलं, बिल नंबर, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. तोच क्रमांक पुस्तकात आतल्या पानावर, शिवाय आणखी एका ठरवलेल्या पानावर घालतात. हे दुसरं पान कुठलं ते सहसा बाहेर सांगत नाहीत, म्हणजे कुणी पहिलं पान फाडलं तरी पुस्तक कुणाचं ते ओळखू येतं. पुस्तकाची लक्तरं झाली म्हणून ते रद्दीत टाकता येत नाही. निर्लेखनाची यादी करायची, मंजुरी घ्यायची, मग त्या ओळीपुढे शेरा मारायचा. आणि पडताळणीत ओळ आहे पण पुस्तक नाही असं निघालं, की सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळतात. मी एक शाळा अशी पाहिली आहे, जिथे हरवलेल्या पुस्तकांची किंमत बाईंच्या पगारातून वळती केली गेली. त्यातली निम्मीशिम्मी पुस्तकं शिक्षकांच्याच घरी होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी चकार शब्द काढला नाही. त्या बाईंनी पुढे कपाट उघडं ठेवलं असेल का? तूच सांग.

यावर तोडगा नाही असं मात्र नाही. केंद्र सरकारचे २०१७चे सर्वसाधारण वित्तीय नियम आहेत ना, त्यांत ग्रंथालयांसाठी एक शहाणपणाची तरतूद आहे. वर्षभरात वाचकांना दिलेल्या किंवा त्यांनी हाताळलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच हरवली, तर ते वाजवी नुकसान धरतात. अट इतकीच, की त्यात लबाडी किंवा हयगय नसावी. हजार रुपयांहून महाग किंवा दुर्मीळ पुस्तक गेलं तर मात्र चौकशी. म्हणजे पुस्तकं फिरली की थोडी जाणारच, हे खुद्द सरकारच्या अर्थखात्यानेही मान्य केलंय! हे नियम केंद्राच्या कार्यालयांसाठी आहेत, आपल्या अनुदानित शाळेला ते आपोआप लागू होत नाहीत. पण तसा ठराव शाळा समितीने करायला आडकाठी कसली? मुख्याध्यापकांनी एवढा एक कागद सही करून दिला, तर अर्धी कुलपं आपोआप निघतील. आणि ही मागणी ग्रंथपाल बाईंनी स्वतः केली तर ती स्वतःची कातडी वाचवणं ठरतं. तुझ्यासारख्या चार शिक्षिकांनी केली तर तो शाळेचा विचार ठरतो. नवी आहेस म्हणून एकटी पुढे होऊ नकोस, एखाद्या जुन्या जाणत्या सरांना बरोबर घे.

हार्वर्डच्या एका जुन्या ग्रंथपालाची गोष्ट सांगतात. एकोणिसाव्या शतकातली. सिबली त्यांचं नाव. मोजणी संपवून खुशीत चालले होते. कुणी विचारलं, तर म्हणाले, सगळी पुस्तकं जागच्या जागी आहेत, फक्त दोन राहिलीत, ती प्राध्यापक अगासींकडे आहेत, तीच आणायला निघालोय! खरी-खोटी देव जाणे, पण ग्रंथपालन शिकवताना ती अजून सांगतात आणि सगळे हसतात. मला मात्र सिबलींची थोडी दयाच येते. पुस्तकांच्या हिशेबाचा जाब त्यांनाच द्यावा लागत असणार.

पुस्तकं वापरण्यापेक्षा जपण्याचं हे चित्र आपल्याकडे बदलायला रंगनाथन आले. त्यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यातलं पहिलंच पुस्तकांच्या वापराबद्दलचं आहे. बाकीचं जाऊ दे, त्यांच्या नोकरीची सुरुवात मला फार आवडते. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात ते गणित शिकवायचे. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल म्हणून रुजू झाले, आणि मुलांनी भरलेल्या वर्गातून त्या सुनसान खोलीत आल्यावर असे कंटाळले, की थोड्याच दिवसांत मला परत शिकवायला पाठवा म्हणून कॉलेजात गेले. आधी लंडनला जाऊन हे शास्त्र शिकून या, मग बघू, असं ठरलं. ते गेले, तिथली ग्रंथालयं पाहिली, आणि परत आले ते जन्मभराचे ग्रंथपाल होऊन. त्यांचा जन्मदिवस १२ ऑगस्ट आपण ग्रंथपाल दिन म्हणून पाळतो. सांगायचं काय, एवढ्या मोठ्या माणसालासुद्धा पहिल्या दिवसांत त्या खोलीतला एकटेपणा सोसवला नाही. तुमच्या बाई तो किती वर्षं सोसतायत, कुणी विचारलंय?

त्यात पद असं विचित्र. ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतलेली असते, पण शाळेच्या संचमान्यतेत ग्रंथपाल येतात शिक्षकेतर कर्मचाऱ्यांत, लिपिक आणि प्रयोगशाळा सहायकांच्या रांगेत. लहान शाळा असेल तर अर्धवेळ. काम मात्र अर्धं होत नाही, पुस्तकं तेवढीच आणि मुलंही तेवढीच. १९५२-५३च्या मुदलियार आयोगाने माध्यमिक शाळांत प्रशिक्षित ग्रंथपाल हवा आणि त्याचा मान शिक्षकांच्या बरोबरीचा हवा, असं सांगून ठेवलंय. सत्तर वर्षं उलटून गेली. आणि २००९चा शिक्षण हक्क कायदा उघडून बघ. त्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं, तिथे वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींची पुस्तकं हवीत, असं स्पष्ट लिहिलंय. सहावी ते आठवीच्या मोठ्या शाळांसाठी कला, क्रीडा आणि कार्यानुभवाला अंशकालीन निदेशक द्यायला सांगितलंय. ग्रंथपालाचं नाव कुठेही नाही! पुस्तकं आपली आपण कपाटातून उतरून मुलांकडे चालत जाणार, अशी समजूत असावी बहुतेक. हे काही तुला-मला बदलता येणार नाही, पण बाई कधीकधी अशा तुटक का वागतात ते समजायला याचा उपयोग होईल.

वरकामांबद्दल बोलू. बाईंना वर्ग नाही, म्हणजे त्यांचे हात रिकामे, हा शाळेतला लाडका सिद्धांत. जूनमध्ये पाठ्यपुस्तकांचे गठ्ठे सोडा, वर्गवार वाटा. एप्रिलमध्ये पुस्तकपेढीची जुनी पुस्तकं गोळा करा. मधल्या काळात यूडायसची माहिती भरा, शिष्यवृत्तीचे फॉर्म तपासा, परीक्षेची बैठकव्यवस्था लावा, गॅदरिंगच्या बक्षिसांना कागद गुंडाळा. रोजच्या परिपाठातलं दिनविशेष कोण काढून देतं, विचारलंयस कधी? आणि कुणी शिक्षक रजेवर असला की त्याचा वर्ग ‘जा रे लायब्ररीत’ म्हणून आयत्या वेळी तिकडे हाकलायचा. या सगळ्यात ज्या कामासाठी त्यांची नेमणूक झाली, ते उरल्यासुरल्या वेळात. तू सभेत भांडायला उभी राहू नकोस. पुढच्या वेळी एखाद्या नव्या कामासाठी बाईंचं नाव निघालं, की शांतपणे एवढंच विचार, “मग त्या वेळात लायब्ररी कोण उघडणार?” हा प्रश्न इतिवृत्तात गेला पाहिजे. बाई स्वतः तो विचारू शकत नाहीत, विचारला तर काम टाळतात असं होतं.

आता तुझ्या स्वतःच्या हातातलं. लायब्ररीचा तास.

तू वर्ग रांगेने नेतेस, दारात सोडतेस आणि वह्या तपासायला परत येतेस. सगळेच तसं करतात. पण जरा हिशेब कर. वर्गात साठ मुलं, तास पस्तीस मिनिटांचा. म्हणजे एका मुलाच्या वाट्याला जेमतेम अर्धं मिनिट. तेवढ्यात जुनं पुस्तक जमा करायचं, खिशातलं कार्ड काढायचं, नवं शोधायचं, तारीख चिठ्ठीवर शिक्का, वहीत नोंद, आणि मागे दोघांची मारामारी चाललेली. अशा वेळी बाईंनी मुलाला काय आवडतं ते विचारायचं कधी? म्हणून त्या आपल्याच हाताने एकेक पुस्तक पुढे सरकवतात, आणि तू म्हणतेस मुलांना निवडू देत नाहीत. पुढच्या वेळी तू तिथेच थांब. देवघेवीची वही आणि शिक्का तू घे, दोन हुशार मुली कार्डं लावायला बसव, आणि बाईंना कपाटांकडे सोड.

मग बघ काय होतं. मागच्या बाकावरचा तो पोरगा, ज्याला तू दोन ओळी सलग वाचायला लावू शकली नाहीस, तो कपाटाशी घुटमळत असतो. बाई त्याला काही विचारत नाहीत. ‘फास्टर फेणे’चा एक भाग त्याच्या हातात देतात आणि बनेश फेणे कशात तरी सापडलाय त्या पानावर उघडून देतात, पुढे काय झालं ते न सांगता. पोरगा उभ्याउभ्याच वाचायला लागतो. जी मुलगी ‘श्यामची आई’ मागते, ती आईने सांगितलं म्हणून मागते की स्वतःला हवं म्हणून, हे बाईंना तिच्या चेहऱ्यावर कळतं. कुणाला ‘बोक्या सातबंडे’ द्यायचा आणि कुणाला ‘चौघीजणी’, याची यादी कुठल्या वहीत नसते, त्यांच्या डोक्यात असते. गेल्या वर्षी याने काय नेलं होतं, त्याच्या ताईने काय नेलं होतं, सगळं. हे काम शाळेत दुसऱ्या कुणालाही येत नाही. तुला नाही, मलाही कधी आलं नाही.

आणि त्यांच्याकडे काम माग. माझं खरं सांगणं एवढंच आहे. सत्कार, गुलाबाचं फूल, नारळ यांनी मान मिळाल्यासारखा वाटतो खरा, पण खरा मान मिळतो तो कुणीतरी आपलंच काम आपल्याकडे मागितल्यावर. पुढच्या महिन्यात सातवीला शिवकाल घेणार असशील, तर आठवडाभर आधी जाऊन विचार, “बाई, किल्ल्यांवर मुलांना झेपेल असं काय आहे आपल्याकडे?” विज्ञानात माती आणि पिकं आली, तर ‘एक होता कार्व्हर’ची आठवण त्याच करून देतील. १९८१ साली ते पुस्तक लिहिणाऱ्या वीणा गवाणकर स्वतः ग्रंथपालन शिकलेल्या, ग्रंथपाल म्हणून काम केलेल्या, हेही त्यांच्याकडून ऐक. आयत्या वेळी मात्र जाऊ नकोस. “आत्ताच्या आत्ता चाळीस पुस्तकं द्या, साहेब आलेत” हे त्यांनी फार ऐकलंय. आणि मुलांनी त्यातून निबंध चांगले लिहिले, तर परिपाठात सगळ्यांसमोर सांग की पुस्तकं ग्रंथपाल बाईंनी काढून दिली. तुझं श्रेय कमी होत नाही त्याने.

काही बारीकसारीक गोष्टी. मुलांसमोर “ए, जा रे, त्या लायब्ररीवालीकडून आण” असं म्हणू नकोस, पोरं सूर लगेच उचलतात. दंगा केला म्हणून वर्गाचा लायब्ररीचा तास रद्द करू नकोस, ती बाईंनाही शिक्षा होते. कपाटं तुझ्या मनाने लावू नकोस. तपासणीच्या आदल्या दिवशी कुणीतरी हौशी बाई पुस्तकं उंचीप्रमाणे ओळीने लावून ठेवतातच, दिसतात छान. पुस्तकाच्या पाठीवर ८९१.४६ वगैरे जे लिहिलेलं असतं ना, ते ड्यूईच्या दशांश वर्गीकरणातलं मराठी साहित्याचं घर आहे. त्यापुढे १ आला की कविता, ३ आला की कथा-कादंबरी. उंचीप्रमाणे लावलेलं कपाट परत क्रमाने लावायला बाईंचे दोन दिवस जातात.

आणि आधी तुझ्या नावावरची पुस्तकं परत कर! शिक्षकांकडची थकबाकी हा शाळेतल्या ग्रंथालयाचा सर्वांत जुना आजार. मुलाकडे राहिलं तर त्याला मागता येतं, वीस वर्षं ज्येष्ठ असलेल्या सरांना बाई काय म्हणणार? दिवाळी अंक तर विचारूच नकोस. गठ्ठा सुटायच्या आत चांगले अंक मोठ्या घरी पोचतात आणि होळीनंतर, तेही मुखपृष्ठाशिवाय, परत येतात.

सगळ्याच ग्रंथपाल बाई गुणी असतात असं मी म्हणत नाही हं. पुस्तक मुलांच्या हातात गेलं की मळतं म्हणून खरोखरच नाक मुरडणाऱ्या मी पाहिल्यात. काहींनी वाचन केव्हाच सोडलेलं असतं. पण आळशी शिक्षक एक असला तर आपण सगळ्या शिक्षकांना आळशी म्हणत नाही, तेवढी सवलत इथेही दे. शिवाय, अमुक बाई कामाच्या नाहीत हे ठरवायचा अधिकार त्यांच्याकडे कधी काम मागितल्यावर येतो, त्याआधी नाही. पहिल्यांदा जाशील तेव्हा कदाचित त्या तुटकच बोलतील. नवीन आली की चार दिवस उत्साह दाखवते, मग फिरकत नाही, हे त्यांनी अनेकदा पाहिलेलं असतं. दुसऱ्यांदा जा, तिसऱ्यांदा जा.

१५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन येईल. कलामांच्या फोटोला हार, पुस्तकांचं प्रदर्शन, मुलं मांडी घालून वाचतायत असे फोटो, ते गटावर टाकायची घाई. त्या दिवशी बाईंना सगळे शोधत येतात आणि १६ तारखेला कपाटं पुन्हा बंद. तू त्या दिवसाची वाट बघत बसू नकोस. उद्याच घरातली सगळी पुस्तकं चाळ, शाळेचा शिक्का असलेली पिशवीत भर, आणि मधल्या सुट्टीत डब्यासकट तिकडे जा. पुस्तकं आधी टेबलावर ठेव, त्यांना नोंदीत तुझं नाव खोडू दे, आणि मग विचार, सातवी ‘ब’चा पुढचा तास कधी आहे आणि तुला किती वाजता यायचं आहे ते.